विंडोजचं लायसन्स जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा कॉम्प्युटर असेंब्ली आणि रिपेअरिंगचा व्यवसाय आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि जुनी मशीन बदलणाऱ्यांची रीघ लागली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही बोर्डावरची सुरक्षा चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कॉम्प्युटरही लोकांना बाजूला ठेवावे लागले. अशा वेळी प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो : ‘पैसे मोजून घेतलेलं विंडोज वाया जाणार का?’ काउंटरवर रोज दिली जाणारी उत्तरं इथे नीट लिहून ठेवतो आहे.

जुन्या कॉम्प्युटरमधलं ओरिजिनल विंडोज नव्या कॉम्प्युटरवर नेता येतं का?

लायसन्स कुणाच्या नावावर आहे, यावर ते ठरतं. काही लायसन्स माणसाच्या नावावर असतात, काही मशीनच्या. तुम्ही दुकानातून डबाबंद विंडोज घेतलं असेल किंवा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून स्वतंत्र विकत घेतलं असेल, तर ते रिटेल लायसन्स. ते तुमचं आहे आणि तुमच्याबरोबर नव्या कॉम्प्युटरवर येतं. लॅपटॉप किंवा ब्रँडेड पीसी घेतानाच त्यात विंडोज होतं, तर ते ओईएम लायसन्स. ते त्या मशीनचं आहे आणि मशीनबरोबरच राहतं. मशीन भंगारात गेलं की तेही गेलं.

तिसरा प्रकार व्हॉल्यूम लायसन्सचा. कंपन्या, बँका, कॉलेजं एकगठ्ठा घेतात ते. घरच्या कॉम्प्युटरशी त्याचा संबंध नाही, पण स्वस्तातल्या कीच्या (म्हणजे विंडोजचं लायसन्स चालू करणाऱ्या २५ अक्षरी कोडच्या) धंद्यात तेच सगळ्यात जास्त फिरतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एक गोष्ट मात्र नवी खरेदी करण्याआधीच बघा. नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा विंडोज आलेलंच असतं. तिथे जुनं लायसन्स नेण्याची गरजच नसते. हा सगळा खटाटोप असेंबल्ड पीसी घेणाऱ्यांचा, किंवा विंडोजऐवजी डॉस अथवा लिनक्स टाकून मिळणारा स्वस्त लॅपटॉप घेणाऱ्यांचा.

माझं लायसन्स कुठल्या प्रकारचं आहे, हे कसं ओळखायचं?

स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळ्या खिडकीत एसएलएमजीआर ही पाच अक्षरं, मग स्पेस, मग तिरकी रेघ आणि लगेच डीएलआय असं टाइप करून एंटर दाबा. अर्थात अक्षरं इंग्रजीत टाइप करायची. चार-पाच सेकंदांत एक छोटी चौकट उघडते. दुसऱ्या ओळीत ‘डिस्क्रिप्शन’ असतं आणि त्या ओळीच्या शेवटी ‘रिटेल चॅनेल’, ‘ओईएम डीएम चॅनेल’ किंवा ‘व्हॉल्यूम’ यांपैकी काहीतरी दिसतं.

‘ओईएम’ किंवा ‘व्हॉल्यूम’ दिसलं तर गोष्ट तिथेच संपते. ‘रिटेल’ दिसलं की लोक खूश होतात, पण खरी गफलत इथेच होते. त्याच चौकटीत कीची शेवटची पाच अक्षरं दिलेली असतात, ती वाचा. ती ‘३व्ही६६टी’ किंवा ‘८एचव्हीएक्स७’ असतील तर ती की तुमची स्वतःची नव्हे. पहिली विंडोजच्या प्रो आवृत्तीची, दुसरी होम आवृत्तीची, आणि या दोन्ही सर्वसाधारण की जगभरच्या लाखो कॉम्प्युटरांत सारख्याच आहेत. खरं लायसन्स तेव्हा डिजिटल स्वरूपात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, तुमच्या मदरबोर्डच्या (कॉम्प्युटरमधल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) ओळखीला जोडून ठेवलेलं असतं.

हे का होतं, ते सांगतो. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ला. पुढचं वर्षभर विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना ते फुकट मिळालं. तेव्हा ज्यांनी अपग्रेड केलं, त्या सगळ्यांच्या मशीनमध्ये हीच सर्वसाधारण की बसली. मूळ विंडोज ७ लॅपटॉपबरोबर आलेलं असलं तरी चौकटीत ‘रिटेल’ दिसतं. पण मूळ लायसन्स ओईएम, म्हणून अपग्रेडही ओईएमच. अशा वेळी कॉम्प्युटरपेक्षा बिल खरं बोलतं. बिलावर विंडोजची वेगळी ओळ आणि वेगळी किंमत आहे का? डबा किंवा खरेदीचा ईमेल जपून ठेवला आहे का? असेल तर ते रिटेल असण्याची शक्यता चांगली.

त्यातही एक फरक आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड पीसीबरोबर बऱ्याचदा पातळ पाकिटातली ओईएम प्रत मिळते. बिलावर तिची वेगळी ओळ असते, तरी पाकिटावर ‘ओईएम’ छापलेलं असतं आणि ती पहिल्या मदरबोर्डलाच बांधली जाते. ती रिटेल डब्यापेक्षा स्वस्त असते, त्याचं कारण हेच.

लॅपटॉपच्या पाठीवर कीचं स्टिकरच नाही. की गेली कुठे?

विंडोज ७पर्यंत २५ अक्षरी की स्टिकरवर छापलेली असायची. लॅपटॉपच्या पोटाखाली ती उष्णतेने आणि मांडीवर घासून पुसली जायची, मग ग्राहक भिंग घेऊन ‘बी’ आहे की ‘८’ ते बघत बसायचे. २०१२मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून कंपन्या की थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातच कायम असणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहून पाठवतात. त्यामुळे त्याच लॅपटॉपवर परत विंडोज टाकताना की विचारलीच जात नाही. स्टिकर नसणं म्हणजे नकली विंडोज असं नाही.

रिटेल आहे, खात्री झाली. आता नेमकं काय करायचं?

आधी जुन्या मशीनवरची कामं. मशीन चालू असतानाच करा, बोर्ड उडाल्यावर यातलं अर्धं करता येत नाही.

डेटाचा बॅकअप घ्या. मग सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या (लायसन्स तपासून विंडोज चालू करण्याच्या) पानावर जा. विंडोज ११मध्ये ते ‘सिस्टिम’खाली आहे, विंडोज १०मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली. तिथे ‘डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ असं वाक्य दिसायला हवं. ‘लिंक्ड’ हा शब्द नसेल तर तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन करून लायसन्स जोडून घ्या. ही सोय २०१६च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे. त्या अकाउंटचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, हेही बघा. मुलाने कॉलेजात असताना उघडलेलं अकाउंट, तो आता पुण्यात आणि जुना नंबर बंद, अशी प्रकरणं माझ्याकडे दर महिन्याला येतात.

२५ अक्षरी की हाताशी असेल तर वहीत लिहून ठेवा. फक्त मोबाईलमध्ये फोटो ठेवून भागवू नका.

आता नवीन मशीन. विंडोजची तीच आवृत्ती टाका. होमचं लायसन्स असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. विंडोज १०ची की विंडोज ११लाही चालते, आवृत्ती तेवढी जुळली पाहिजे. इन्स्टॉल करताना की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडून पुढे जा. नंतर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’ दाबून तुमची की टाका. बहुतेकांचं काम इथेच होतं.

की नसेल, किंवा की नाकारली गेली, तर त्याच पानावरचं ‘ट्रबलशूट’ उघडा. त्यात ‘मी नुकतंच या डिव्हाइसचं हार्डवेअर बदललं आहे’ अशा अर्थाची ओळ असते, ती दाबा आणि जुन्या मशीनवर वापरलेल्याच अकाउंटने साइन-इन करा. तुमच्या कॉम्प्युटरांची यादी येते. त्यातला जुना निवडा, ‘सध्या मी हाच वापरतो आहे’ या चौकोनात टिक करा आणि ॲक्टिव्हेट दाबा. यादीत ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अगम्य अक्षरं अशी नावं दिसतात आणि माणूस गोंधळतो. म्हणून जुन्या मशीनला आधीच ओळखू येईल असं नाव देऊन ठेवा, इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न देता ‘हॉल-पीसी’ इतकं साधंही चालेल.

जुन्या कॉम्प्युटरवरून काढायलाच हवं का? दोन्हीकडे चालू राहिलं तर?

काढायलाच हवं. रिटेल लायसन्सची अट स्पष्ट आहे : दुसऱ्या डिव्हाइसवर नेताना आधीच्या डिव्हाइसवरून सॉफ्टवेअर काढून टाकायचं. लायसन्स एक, कॉम्प्युटर एक.

जुन्यावर त्याच काळ्या खिडकीत एसएलएमजीआर, स्पेस, तिरकी रेघ आणि यूपीके असं टाइप केल्यावर की निघते. मात्र ही आज्ञा फक्त त्या कॉम्प्युटरमधून की पुसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला काही कळवत नाही. म्हणून माझ्या मते जुनी डिस्क पूर्ण फॉरमॅट मारून टाकणं हाच खरा उपाय. तुमचे फोटो, बँकेचे पासवर्डही त्यात जातात, म्हणजे दोन कामं एकदमच होतात.

लायसन्स किती वेळा हलवता येतं?

रिटेलसाठी ठरावीक आकडा अटींमध्ये दिलेला नाही. पण थोड्या काळात वारंवार हलवलंत तर ट्रबलशूटर ‘मर्यादा संपली’ असं सांगतो आणि मग सपोर्टशी बोलावं लागतं.

नव्या लॅपटॉपमध्ये होम आलं आहे, माझ्याकडे प्रोची रिटेल की आहे. प्रो टाकायला गेलो तर होमच पडतं!

इन्स्टॉलर मदरबोर्डमधली होमची की आपोआप वाचतो आणि तुम्हाला विचारतही नाही. भांडत बसू नका. होम पडू द्या, इंटरनेट जोडा, मग ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये प्रोची की टाका. एक-दोनदा रिस्टार्ट होऊन त्याच विंडोजचं प्रो होतं, फाइल्सना धक्का लागत नाही.

जुनी डिस्क काढून नव्या कॉम्प्युटरला लावली तर सगळं जसंच्या तसं येईल ना?

येईल किंवा येणार नाही. आलं तरी लायसन्स येईलच असं नाही, कारण त्याची ओळख डिस्कशी नसून बोर्डाशी आहे. विंडोज सुरू होईल आणि कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं फिकट अक्षरांत दिसायला लागेल.

पण मला इथे लायसन्सपेक्षा मोठी काळजी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, वाटते. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला कळतही नाही. त्या कुलपाची किल्ली बोर्डावरच्या टीपीएममध्ये असते. बोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो.

मागच्या वर्षी एक ताई आल्या होत्या. घरगुती डब्यांचा व्यवसाय, पाच वर्षांची गिऱ्हाइकांची यादी आणि उधारीचा हिशोब, सगळं लॅपटॉपमध्ये. एका सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलून दिला आणि जाताना एवढंच सांगितलं की ‘डिस्क लॉक आहे, फॉरमॅट करावी लागेल’. त्या रडायच्याच बाकी होत्या. मी त्यांच्या मोबाईलवर त्यांचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडायला लावलं. त्यात डिव्हाइसच्या नावाखाली सहा-सहा अंकांचे आठ गट दिसत होते. मी वाचत गेलो, त्या टाइप करत गेल्या. आठवा गट भरून एंटर दाबला आणि त्यांच्या मुलीचा फोटो असलेला डेस्कटॉप समोर आला. फॉरमॅट मारला असता तर ती यादी कायमची गेली असती. ते ४८ अंक दुरुस्तीला देण्याआधी कागदावर उतरवून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली, तरी लायसन्स जातं का?

सहसा नाही. एसएसडीवर नव्याने विंडोज टाकलं आणि इंटरनेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

मदरबोर्डच बदलावा लागला तर?

मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीने नवा मदरबोर्ड म्हणजे नवा कॉम्प्युटर. रिटेल असेल तर वरचाच मार्ग. ओईएम असेल आणि बोर्ड खराब झाला म्हणून कंपनीने वॉरंटीत बदलून दिला असेल, तर लायसन्स टिकतं, आणि नव्या बोर्डात त्याच आवृत्तीची की लिहून देणं हे सर्व्हिसवाल्यांचं काम आहे. लॅपटॉप ताब्यात घेताना तिथेच ॲक्टिव्हेशनचं पान उघडून दाखवायला सांगा. घरी येऊन बघितलंत तर पुन्हा हेलपाटे. हौसेने वेगळा, जास्त ताकदीचा बोर्ड घातलात तर मात्र ओईएम लायसन्सवर तुमचा हक्क राहत नाही.

माझ्याकडे विंडोज ७ची डबाबंद की आहे. तिच्यावर विंडोज ११ ॲक्टिव्हेट होईल का?

आता नाही. फुकट अपग्रेडची मुदत २०१६मध्येच संपली होती, तरी जुन्या की पुढे कित्येक वर्षं चालत राहिल्या. सप्टेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने तो रस्ताही बंद केला. ज्यांनी आधीच अपग्रेड केलं होतं, त्यांचं डिजिटल लायसन्स त्या मशीनवर चालू आहे.

ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत ‘लाइफटाइम ओरिजिनल की’ मिळते. ती घेऊन हे सगळं टाळता येईल का?

नका घेऊ. मूळ किंमत हजारांत असलेली वस्तू कोणी दोनशेला का विकेल? यातल्या बऱ्याच की कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम कराराच्या असतात. एमएके प्रकारची एकच की अनेक मशीनवर चालते, पण तिचा कोटा ठरलेला असतो. तो संपला किंवा गैरवापर लक्षात आला, तर ती ब्लॉक होते. केएमएस प्रकारात ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचंच असतं आणि संस्थेच्या सर्व्हरकडून परत परत नवं करून घ्यावं लागतं. म्हणूनच ‘भाऊ, सहा महिने मस्त चाललं आणि मग गेलं’ असं सांगत लोक येतात. आणि व्हॉल्यूमची की एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचा प्रश्नच येत नाही, कारण ती तुमची कधी नव्हतीच.

फुकटातले ॲक्टिव्हेटर त्याहून वाईट. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं जे सॉफ्टवेअर सांगतं, ते तुमच्या नेट बँकिंगच्या मशीनवर चालवू नका.

एरर येतो आहे. कोडवरून काही कळतं का?

कोड लांबलचक असतो, त्याची शेवटची चार अक्षरं बघा. ‘एफ२११’ असेल तर हार्डवेअर बदललेलं आहे, ट्रबलशूटरचा मार्ग धरा. ‘सी००८’ म्हणजे ही की आधीच दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे किंवा ठरल्यापेक्षा जास्त ठिकाणी वापरली गेली आहे. ‘एफ०७४’ म्हणजे तुमचं विंडोज केएमएस सर्व्हर शोधतं आहे. घरच्या कॉम्प्युटरवर हा कोड आला तर तुमच्या मशीनमध्ये कोणीतरी व्हॉल्यूमची की टाकून दिली आहे असं समजा.

ॲक्टिव्हेट होईपर्यंत कॉम्प्युटर बंद पडेल का?

नाही. कोपऱ्यात ती सूचना दिसत राहते, वॉलपेपर-रंग बदलण्याच्या सेटिंग्ज बंद होतात, बाकी काम चालतं. मुलांचा अभ्यास अडत नाही. घाईघाईत कुठलीही की विकत घेण्यापेक्षा चार दिवस ती अक्षरं सहन करा.

एमएस ऑफिसचं लायसन्सही याबरोबरच जातं का?

ऑफिसचा हिशोब पूर्ण वेगळा. लॅपटॉपबरोबर मिळालेलं ऑफिस त्या लॅपटॉपचं. मायक्रोसॉफ्ट ३६५चं वार्षिक सबस्क्रिप्शन तुमच्या अकाउंटचं, ते नव्या मशीनवर साइन-इन केलं की चालतं.

जुना कॉम्प्युटर विकतो आहे किंवा गावच्या शाळेला देतो आहे. विंडोजचं काय करू?

ओईएम असेल तर ते मशीनबरोबर जातं आणि जायलाच हवं. शाळेला दिलात तर फॉरमॅट मारून, ताजं विंडोज टाकून, ॲक्टिव्हेट झालेलं बघून द्या. मशीन विंडोज १०वर अडकलेलं असेल तर घरगुती वापरासाठीचे जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहेत, हे शाळेला स्पष्ट सांगा. त्यापुढे मी अशा मशीनवर लिनक्स टाकून देतो. तिथे लायसन्स हलवण्याचा प्रश्नच नसतो, हव्या तितक्या मशीनवर टाका. सी-डॅक या सरकारी संस्थेने आपल्या भाषा डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं बॉस लिनक्सही आहे.

रिटेल असेल आणि ते तुम्ही स्वतःसाठी ठेवणार असाल, तर डिस्क रिकामी करून द्या आणि गिऱ्हाइकाला तसं आधी सांगा. विक्रीच्या जाहिरातीत मशीनच्या मागच्या बाजूचा फोटो टाकताना कीच्या स्टिकरवर बोट ठेवा. तो फोटो बघून कोणीही की उतरवून घेऊ शकतं.

नोकरी सोडली, ऑफिसचा लॅपटॉप परत केला. त्यातलं विंडोज माझ्या मशीनवर घेऊ का?

नाही. ते कंपनीचं आहे.

जर्मनीतल्या माझ्या भावाला ओईएम की कायदेशीर स्वस्तात मिळते म्हणे. मग आपल्याकडे का नाही?

तिथला कायदा वेगळा आहे. २००० साली जर्मनीच्या संघीय न्यायालयाने ओईएम प्रत कॉम्प्युटरशिवाय विकायला मोकळीक दिली. ३ जुलै २०१२ला युरोपीय न्यायालयाने ‘यूज्डसॉफ्ट’ खटल्यात कायमच्या मुदतीचं, विकून झालेलं सॉफ्टवेअर लायसन्स पुढे विकता येतं असं ठरवलं. हे निकाल तिथल्या बाजारापुरते. भावाकडून की मागवून इथे टाकली तर इथे तुम्हाला त्या निकालांचा आधार मिळत नाही.

आणि मॅक?

मॅकओएसचं वेगळं लायसन्स विकत घ्यावं लागत नाही, ते ॲपलच्या मशीनबरोबरच येतं. दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ते टाकायला ॲपलच्या अटी परवानगी देत नाहीत.

सगळं करून पाहिलं, तरी होत नाही. सपोर्टशी बोलताना काय हाताशी ठेवू?

बिल, कीची २५ अक्षरं किंवा खरेदीचा ईमेल, आणि पडद्यावर आलेला पूर्ण एरर कोड. ‘की रिटेल आहे, जुन्या मशीनवरून काढली आहे, आता या एकाच कॉम्प्युटरवर वापरतो आहे’ हे वाक्य सुरुवातीलाच सांगा. तुम्ही ‘गेट हेल्प’ ॲपमधून स्वतः त्यांच्याशी संपर्क साधा. ‘आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो, तुमचं लायसन्स संपलं’ असा फोन समोरून आला तर तो भामट्याचा आहे, लगेच ठेवून द्या. बिलाची शाई वर्षभरात उडते, म्हणून घेतल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा आणि विंडोजच्या डब्यातच घडी करून ठेवा.